दोन लक्ष्म्या आणि एक लेफ्ट जॉइन

आमच्या जळकोटात गायींची नावं ठेवताना कुणी फार डोकं चालवत नाही. भादव्यात महालक्ष्म्या बसलेल्या असताना कालवड झाली की ती लक्ष्मी. पांढरी झाली की ढवळी, तांबडी झाली की तांबी. विकत आणलेल्या गायीला दारात हळदकुंकू लावून "लक्ष्मी आली" म्हणायची पद्धत आहे, आणि मग तेच नाव तिला चिकटतं. बोलता बोलता त्याची लक्षी होते. गावातल्या लक्ष्म्या मोजायला निघालात तर इथं बारा महिने महालक्ष्म्याच बसतात की काय असं वाटेल. गल्लीत उभं राहून "लक्षे" अशी हाक मारली तर तीन-चार गोठ्यांतून हंबरून उत्तर येतं. याचा कुणालाच काही त्रास नव्हता. त्रास झाला तो मला, कारण मी त्यांना सगळ्यांना कॉम्प्युटरमध्ये घातलं.

मी मूळची अणदूरची. सोलापूरला राहून कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. केली, लग्न होऊन जळकोटला आले, मुलगी झाली, आणि शिकलेलं सगळं फडताळात ठेवलेल्या नव्या साडीसारखं घडी घालून पडून राहिलं. मग गावातल्या दूध संकलन केंद्राला कॉम्प्युटर सांभाळणारं माणूस हवं झालं. दुधाचं माप आणि फॅट यंत्र आपोआप टिपत होतं, पण कुणाच्या दावणीला किती जनावरं, कुणाची गाय आटली, कुणाची गाभण आहे, हे सगळं केंद्राच्या मालकांच्या डोक्यात होतं. आणि मालकांचं डोकं साठीच्या पुढं गेलेलं. नोकरी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. अडत होतं ते लेकीवर. ती तेव्हा नुकती चालायला लागली होती, सासूबाई दिवसभर शेतात, नवरा सोलापूरला कामाला.

तेव्हा समोरच्या काकू पुढं झाल्या. या काकू माझ्या नात्याच्या कुणी नव्हेत. माहेर त्यांचं कर्नाटकात, आळंदकडं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक तिकडंच दिलेली. घरात त्या आणि गोठ्यात त्यांची एक गाय. नाव अर्थातच लक्ष्मी. माणसांशी त्या मराठी बोलतात आणि गायीशी कानडी, कारण गायीला कानडी लवकर कळतं असं त्यांचं ठाम मत आहे. मी दारात चिंतागती उभी असलेली बघून त्या म्हणाल्या, "ठिव की माझ्यापाशी. लक्षीची वासरं सांबाळली म्या, तुझं लेकरू जड हाय व्हय मला?"

वासरांच्या रांगेत माझी लेक बसवली म्हणून मला क्षणभर राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी तशी चटकन तापणारी बाई आहे. पण माझी लेक त्या गोठ्यात जेवढं दूध प्यायली आणि जेवढं कानडी शिकली, तेवढं दुसरीकडं कुठं मिळालं नसतं. मी जी काही आज कॉम्प्युटरवर बसते, ती या बाईच्या मांडीवर माझं लेकरू झोपत होतं म्हणून बसते.

आता जॉइनची गोष्ट. कॉलेजात हे प्रकरण मी पाठ केलेलं होतं. टेबल म्हणजे माहितीचा तक्ता. एक टेबल कर्मचाऱ्यांचं, एक टेबल विभागांचं, दोन्ही जोडा. इनर जॉइन म्हणजे दोन्हीकडं जुळणाऱ्या ओळी, लेफ्ट जॉइन म्हणजे डावीकडच्या सगळ्या आणि उजवीकडच्या जुळतील तेवढ्या. मी ते परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चांगले मार्क घेतले. कळलं मात्र शष्प नव्हतं. मी आयुष्यात कधी विभाग पाहिला नव्हता.

केंद्रावर पहिल्याच महिन्यात ते कळायची वेळ आली. पशुखाद्य आलं होतं आणि दूध घालणाऱ्या सगळ्यांना तसा मेसेज पाठवायचा होता. मी सभासदांचं टेबल आणि त्या आठवड्याच्या दुधाचं टेबल जोडलं, नावं निघाली, मेसेज गेले. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी उपरणं झटकत केंद्रावर आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"गाय आटली म्हंजी आमी मेलो व्हय?"

त्यांची गाय आटलेली होती. त्या आठवड्यात त्यांनी दूध घातलं नव्हतं, म्हणून दुधाच्या टेबलात त्यांची ओळ नव्हती, म्हणून इनर जॉइननं त्यांना सभासदांतूनही बाहेर काढलं होतं. मी तोंडदेखलं हसून चूक मान्य केली, पण मनातून हबकले होते. 'इनर' या एका शब्दानं माणूस नाहीसा होतो, हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मला आमचा अणदूरचा खंडोबा आठवला. आमच्याकडं मूर्ती एक आणि देवळं दोन, एक अणदूरला, एक नळदुर्गला. देव वर्षातला बराच काळ आमच्याकडं असतो आणि काही काळ तिकडं जातो. तो गेला की आमचा गाभारा मोकळा. पण म्हणून देऊळ काही गावातून उठून जात नाही. माझी आई मोकळ्या गाभाऱ्यासमोरही तितक्याच भक्तीनं हात जोडते. लेफ्ट जॉइन हेच तर करतो. डावीकडची सगळी देवळं घेतो, आणि ज्याच्यात देव नाही त्याच्यापुढं 'नल' लिहितो. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे जागा आहे, तिथं आत्ता कुणी नाही. हे डोक्यात बसलं आणि मी त्या संतापलेल्या शेतकऱ्यांचे मनातल्या मनात आभार मानले. तोंडावर मानले असते तर ते आणखी चिडले असते.

मग एका वर्षी लम्पी आली. आधी नुसत्या बातम्या येत होत्या, मग पाहुण्यारावळ्यांचे फोन येऊ लागले. जनावराला ताप भरतो, अंगभर सुपारीएवढ्या गाठी येतात, पाय सुजतात, खाणं सुटतं. गुरांचा बाजार बंद झाला. संध्याकाळी गोठ्यागोठ्यातून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर निघायचा आणि गल्लीत माणसं खोकत बसायची. आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी गावात एकाच दिवशी लसीकरणाची दोन शिबिरं घेतली, एक गावातल्या मैदानावर आणि एक पलीकडच्या वस्तीवर. तरी पुष्कळ जनावरं राहिली. कुणाची गाय त्या दिवशी रानात होती, कुणाला लशीचीच भीती वाटली. राहिलेल्यांच्या घरी जाऊन टोचायचं असं डॉक्टरांनी ठरवलं आणि ते केंद्रावर आले.

"ताई, जनावरांची माहिती तुमच्याकडं, टोचलेल्यांची माझ्याकडं. राहिली कोण, एवढं काढून देता का?"

मला इतका आनंद झाला की बस. एवढं शिक्षण घेतलं, त्याला कुणीतरी शेवटी नेमका प्रश्न विचारला होता.

आधी दोन शिबिरांच्या याद्या एक करायच्या होत्या. इथं जॉइनचं काम नाही, इथं युनियन. जॉइन दोन टेबलं शेजारी शेजारी बसवतो, युनियन एकाखाली एक. काहींनी भीतीपोटी दोन्ही शिबिरांत नाव लिहून ठेवलं होतं. युनियन ऑल केलं असतं तर ती दोनदा आली असती. साधं युनियन केलं की हुबेहूब सारखी असलेली ओळ एकदाच राहते. मी मोठ्या झोकात युनियन चालवलं आणि पडद्यावर बघून मला घामच फुटला. मैदानावर लिहिणाऱ्यानं आधी मालकाचं नाव आणि मग गायीचं लिहिलं होतं. वस्तीवरच्या लिहिणाऱ्यानं आधी गाय, मग मालक. युनियनला नावांशी देणंघेणं नसतं, ते फक्त रकान्यांचा क्रम बघतं. त्यामुळं वस्तीवर ढवळी नावाच्या मालकिणीकडं आमचे एक माजी सरपंच बांधलेले होते आणि त्यांच्यापुढं शेऱ्यात लिहिलेलं होतं, "गाभण, चौथं वेत." म्हणजे सरपंच चौथ्यांदा विणार होते.

डॉक्टर मागं उभे होते. ते खुर्चीला धरून इतके हसले की दूध घालायला आलेली माणसं आत डोकावली. मी रकाने सरळ केले आणि कुणी फोटो काढायच्या आत पडदा बदलला. सरपंचांच्या कानावर ते गेलंच. पुढं कितीतरी दिवस ते मला बघितलं की "अजून वेत मोजलं न्हाय का?" असं विचारायचे. भल्या स्वभावाचा माणूस.

मग खरं काम. डावीकडं केंद्राची सगळी जनावरं, उजवीकडं टोचलेली जनावरं, मधे लेफ्ट जॉइन. ज्याच्यापुढं नल, ते राहिलेलं. पण जोडायचं कशावर? प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर लांबलचक नंबर. डॉक्टरांच्या यादीत तो होता, आमच्या टेबलात नव्हता. तो कधी विचारला की माणसं दुखावत. "नंबर काय इचारती? लक्षी हाय ती, तुला म्हायती न्हाय व्हय?" गावात कुणाची कोण हे विचारणं म्हणजे आपण गावचे नाही असं सांगणं. मी सून होते, मला ते परवडणारं नव्हतं. शिवाय मलाही मनातून वाटत होतं की मालकाचं पूर्ण नाव आणि गायीचं नाव एवढं झालं की झालं. मी त्या दोन नावांवर जॉइन लावला, राहिलेली जनावरं निघाली, त्या घरांना मेसेज गेले: उद्या सकाळी जनावरं दारात बांधून ठेवा. डॉक्टरांनी तेवढ्याच हिशेबानं लशीच्या बाटल्या मागवल्या. काम चोख झालं असं वाटून मी त्या दिवशी केंद्रावर सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी लेकीला आणायला गेले तर गल्लीत लगबग. जो तो आपली गाय धूत होता, उद्या डॉक्टर येणार म्हणून. फक्त काकूंच्या गोठ्यात सामसूम होती. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या, लेक त्यांच्या मांडीवर, आणि लक्ष्मी मागं कडबा चावत उभी.

"काकू, तुमची गाय नाही का धुवायची?"

"मला मेसेज न्हाय आला," काकू म्हणाल्या. "शेजारणीनं दोनदा बगितला फोन. बहुतेक आमच्या लक्षीला सुई दिलेली आसंल."

"कधी दिली?"

काकू विचारात पडल्या. त्यांनी गायीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला तर दिल्याचं याद न्हाय बग. पर तू केलंय म्हणल्यावर बरोबरच आसंल. मीच इसरले आसंन. वय झालं गं."

मला पक्कं माहीत होतं की लक्ष्मीला सुई दिलेली नाही. शिबिराच्या दिवशी माझी लेक तापानं फणफणली होती. मला केंद्रावर जाणं भाग होतं, आणि काकू दिवसभर तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत घरात बसल्या होत्या. माझ्या लेकीपायी त्यांनी गाय मैदानावर नेली नाही. आणि आता माझ्या जॉइनवर विश्वास ठेवून ही बाई स्वतःच्या आठवणीला खोटं पाडत होती. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांना दुसरी गाय नव्हती. सकाळी उठून जिच्याशी बोलावं असं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी लेकीला तिथंच ठेवलं आणि केंद्रावर पळाले. संध्याकाळचं दूध चालू होतं. काकूंची ओळ उघडून बघितली तर पुढं चक्क तारीख होती, लस दिली, आणि डॉक्टरांच्या मूळ यादीत बघितलं तर वस्तीवरच्या शिबिरात. काकू आयुष्यात कधी त्या वस्तीवर गेल्या नसतील. मी ती ओळ मोठ्यानं वाचली तेव्हा कॅन ओतणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मान वर न करता सांगितलं, "आगं, ती वस्तीवरची येगळी. भावकीतलीच हाय त्यांच्या."

आणि सगळं उलगडलं. आमच्याकडं आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. एका आजोबाच्या दोन नातवांना एकच नाव पडलं, एक काकूंचे यजमान, एक त्यांचे चुलतभाऊ. आडनाव एकच. लग्नात बायकोचं नाव नवऱ्याच्या नावाला शोभेल असं बदलायची रीत, तेव्हा दोघींनाही तेच शोभणारं नाव मिळालं. माहेराहून दोघी वेगवेगळी नावं घेऊन आल्या आणि सासरी एकच होऊन बसल्या. आणि दोघींच्याही गोठ्यात लक्ष्मी. माझ्या जॉइननं वस्तीवरच्या लक्ष्मीची सुई काकूंच्या लक्ष्मीला टोचून टाकली होती.

गावातल्या माणसाला यात काही गोंधळ नव्हता. गोंधळ फक्त मी घातलेल्या टेबलात होता. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, बाटल्या मी सकाळी तुळजापूरहून घेऊन निघतो. निघायच्या आत नक्की काय ते सांगा. परवापासून माझी ड्यूटी माकणीकडं लावलीय, इकडं परत कधी येणं होईल सांगवत नाही." त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

काकूंसारखं आणखी कुणाचं झालंय का, ते आधी शोधायला हवं होतं. मी जनावरांचं टेबल त्याच टेबलाशी जोडलं. असंही करता येतं, एकच टेबल दोन नावांनी घ्यायचं आणि स्वतःशीच ताडून बघायचं. मालकाचं नाव सारखं, गायीचं नाव सारखं, पण केंद्राचा खाते नंबर वेगळा, अशा जोड्या काढल्या. निघाल्या. काकू एकट्या नव्हत्या.

मग मी आणि सासूबाई निघालो कान वाचायला. सासूबाई नुकत्याच शेतातून आल्या होत्या. मी काय झालं ते सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "समोरच्या बाईची गाय?" आणि पायात चप्पल सरकवली. त्या बॅटरी धरत होत्या, मी नंबर टिपत होते. गायीचा कान धरणं म्हणजे खेळ नव्हे. बिल्ल्यावर शेण वाळलेलं, गाय मान झटकते, माशा उठतात. एका खोंडानं माझ्या पायावर पाय दिला. ज्यांनी इतके दिवस नंबर विचारला म्हणून नाक मुरडलं होतं, तेच लोक आता गायीचं डोकं काखेत दाबून धरत होते आणि "आट हाय का तीन, नीट बग" म्हणत होते. सासूबाईंनी एकदाही मला बोल लावला नाही. रस्त्यात फक्त म्हणाल्या, "तवाच इचारायचं व्हतं नंबर. लाजती कशाला?"

सगळ्यात शेवटी काकूंचा गोठा. लक्ष्मी मला काही कान धरू देईना. काकू पुढं आल्या, तिच्या गळ्याखाली हात फिरवत हळू आवाजात म्हणाल्या, "बारव्वा, निंद्रु," म्हणजे ये बाई, उभी राहा. गाय खरंच थांबली. मी आकडे टिपले. काकूंनी विचारलं, "काय झालं गं? मी कुठं चुकले का?"

"तुम्ही नाही चुकलात, काकू. लक्ष्मीला सुई दिलेली नाही. तुमच्या लक्षात आहे तेच खरं आहे."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि गायीच्या पाठीवर थाप मारली.

त्या सारख्या नावांच्या जनावरांचे बिल्ले मी टेबलात भरले आणि या खेपेला नंबरावर लेफ्ट जॉइन लावला. काकूंची लक्ष्मी आली. तिच्यापुढं असलेली तारीख नाहीशी झाली होती आणि तिथं नल उभं होतं. आयुष्यात रिकामी जागा बघून मला एवढं हायसं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांना नवा आकडा कळवला. ते म्हणाले, "ठीक, एक बाटली जास्तीची घेतो."

सकाळी डॉक्टर आले तेव्हा काकू ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून तयार होत्या, जणू लक्ष्मीला बघायला पाहुणे येणार होते. सुई टोचली तेव्हा लक्ष्मी जागची हलली नाही, पण काकूंनी डोळे मिटून घेतले होते. पुढं दोन-तीन दिवस गायीला कणकण आली. कडवळ पुढं टाकलं तर हुंगून तोंड फिरवायची. लशीनं असं होतं, डॉक्टर सांगून गेले होते, तरी काकू गोठ्यातून हलेनात आणि माझं कामात लक्ष लागेना. येता-जाता मी गोठ्यात डोकवायचे. मग एका दुपारी लेक धावत आली आणि म्हणाली, "आई, लक्षी जेवली." मी केंद्रावर सगळ्यांदेखत रडले. मालकांनी पंखा वाढवला, त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

महिना-दीड महिन्यानं लम्पी आमच्या गल्लीत आली. कोपऱ्यावरच्या घरातल्या बैलाच्या अंगावर गाठी उठल्या, त्याचे पुढचे पाय सुजून खांबासारखे झाले. दोन महिने त्या घरात कुणी सुखानं जेवलं नाही. बैल वाचला, पण नांगराला पुन्हा लागला नाही. काकूंच्या लक्ष्मीला मात्र काही झालं नाही. लस मिळाली म्हणूनच ती वाचली असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, आणि मीही सांगणार नाही. पण तो बैल दिसला की मला काकूंच्या दारातली ती सामसूम संध्याकाळ आठवते आणि मी देवाचे, डॉक्टरांचे, सासूबाईंचे, कान धरणाऱ्या सगळ्या माणसांचे आभार मानते. लेफ्ट जॉइनचेही मानते. हसायचं तर हसा.

त्यानंतर केंद्राच्या टेबलात पहिला रकाना बिल्ल्याचा झाला. आता कुणी नाक मुरडत नाही. उलट काही जण आपल्या गायीचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवतात.

लक्ष्मी पुढं गाभण राहिली आणि तिला कालवड झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. काही महिन्यांनी डॉक्टर तिला बिल्ला मारायला आणि लस द्यायला आले. मी मोबाईल घेऊन नंबर टिपायला उभी. बिल्ला मारून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय लिहायचं?"

काकूंनी माझं नाव सांगितलं.

"टिपणाऱ्या ताईंचं नाही हो," डॉक्टर म्हणाले. "कालवडीचं."

"कालवडीचंच सांगतीय की. सगळ्या गावात या नावाची गाय न्हाय. म्या इचारून बगितलंय."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसू दाबत होते. मी म्हणाले, "काकू, अहो, आता नावानं जोडत नाही मी. नंबर आहे ना. नाव काहीही ठेवा, ती हरवणार नाही."

"नंबर तुझ्या मशीनला," काकू म्हणाल्या. "मला हाक मारायला नाव लागतंय. तुझा नवरा तिकडं सोलापुरात. आज ना उद्या तू जाशील, लेकराला घिऊन जाशील. जावंच की, शिकलेली हाईस. पर सांजच्याला म्या या नावानं हाक मारली तर कुणीतरी यायला पायजे का न्हाय?"

जाण्याचा विचार आमच्या घरात चालला होता, पण तो मी त्यांना सांगितला नव्हता. मी मोबाईलवर नंबर टाकला, नावाच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं, आणि घरी येऊन पोळ्या लाटायला घेतल्या.

दिवस मावळताना समोरून हाक आली, माझ्या नावानं. कालवडीला होती की मला, ते बघत बसले नाही. पोळी तव्यावर टाकलेली होती, ती सासूबाईंच्या हवाली केली, ओ दिली आणि गेले.